दात आणि हाड यांच्यामधला जोड

दंतरोपणाचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक हाडापासून सुरुवात करतात आणि टायटॅनियमपाशी येऊन थांबतात. डॉक्टरांचं काम हाडात चालतं, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे. माझ्या टेबलावर हाड कधी येत नाही. मी वर्ध्याला दातांच्या लॅबमध्ये काम करतो. माझ्याकडे येतं ते जबड्याचं स्टोनचं मॉडेल, त्यात बसवलेला ॲनालॉग म्हणजे इम्प्लांटची नक्कल, छोट्या पुडीतला अबटमेंट म्हणजे इम्प्लांटवर बसून दात पेलणारा भाग, आणि जेमतेम आठ मिलिमीटर लांबीचा एक स्क्रू. हाडातलं इम्प्लांट खाली, दात वर, आणि दोघांना धरून ठेवणारा हा जोड मध्ये. मला या विद्येचा सगळा इतिहास त्या जोडातून दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: हाडाचा प्रश्न १९८२ पर्यंत बराचसा सुटला होता. जोडाचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही, आणि खेड्यातल्या माणसाला भोवतो तो हाच.

मी मूळचा अल्लीपूरचा. हिंगणघाट तालुक्यातलं हे कापसाचं, तुरीचं गाव. माझ्या लहानपणी गावात दाताचा डॉक्टर नव्हता. दात कडुनिंबाच्या काडीनं नाहीतर राखुंडीनं घासायचे, दाढ ठणकली की लवंग धरायची, आणि गाल सुजला की एस.टी.नं हिंगणघाट किंवा वर्धा गाठून दाढ काढून यायचं. काढलेल्या दाढेच्या जागी पुन्हा काही बसवायचं असतं, हे कोणाच्या मनातही येत नसे. समोरचा दात गेला तर मात्र माणूस बेचैन व्हायचा. मग बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला कापड अंथरून बसणारा दातवाला त्याला दात लावून द्यायचा. गुलाबी-पांढरी भुकटी आणि उग्र वासाचं पाणी यांचं मिश्रण करून, शेजारच्या दोन दातांना तारेनं पकडून तो नवा दात तिथल्या तिथे घट्ट करायचा. ते न तापवता घट्ट होणारं ॲक्रिलिक प्लास्टिक होतं हे मला फार उशिरा कळलं. दात दिसायला बरा दिसे. पण त्या जोडाखाली ना काडी पोचे ना बोट. अन्न साचून हिरडी कुजायची आणि वर्ष-दोन वर्षांत शेजारचे धडधाकट दातही हलायला लागायचे. जोड चुकला की काय होतं, ते मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

माझ्या आजीची गोष्ट वेगळी होती. तिची बत्तीशी गेलेली. वर्ध्याहून दोन्ही कवळ्या करून आणल्या होत्या. वरची ठीक बसली, कारण वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खालची कधीच बसली नाही. खालच्या जबड्याचं हाड दात गेल्यावर झिजत जातं, कवळीला धरायला कड उरत नाही, आणि जीभ तिला सारखी उचलत राहते. आजी ती कवळी लग्नकार्याला घालायची. एरवी ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, हिरडीनं चोळून खायची. गावोगावच्या म्हाताऱ्यांचं जेवण असंच चालायचं.

दाताच्या विद्येनं आमच्या भागात यायला बराच वेळ घेतला. कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये दंतमहाविद्यालय काढलं. मुंबईत डॉ. व्ही. एम. देसाई यांनी १९३३ मध्ये सुरू केलेलं महाविद्यालय पुढे महापालिकेकडे जाऊन नायर दंतमहाविद्यालय झालं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं डॉक्टरांबरोबर आम्हा डेंटल मेकॅनिक मंडळींचीही नोंदवही ठरवून दिली. नागपूरचं शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ चं, आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथलं शरद पवार दंतमहाविद्यालय १९९१ चं. या शेवटच्या घटनेनं आमच्या जिल्ह्यात खरा फरक पडला. तिथे शिकणाऱ्या मुलांना कवळ्या, कॅपा, ब्रिज करून द्यायला माणसं लागू लागली, आजूबाजूला लॅब उभ्या राहिल्या, आणि माझ्यासारख्या खेड्यातल्या पोरांना हा धंदा मिळाला.

लॅबच्या कामात एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवली जाते: दात सुंदर करणं सोपं, तो बसवणं कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पैसेवाल्यांच्या कवळ्या हस्तिदंताच्या किंवा सोन्याच्या असत. मग गंधक घालून तापवलेलं रबर आलं, व्हल्कनाइट. ते साच्यात दाबून भरता येई, त्यामुळे कवळी पहिल्यांदाच साध्या माणसाच्या टाळूला नेमकी बसली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आलं आणि आजवर तेच चालू आहे. पण कवळी कितीही चांगली केली तरी ती हिरडीवर ठेवलेलीच असते. तिला हाडात मूळ नाही.

मूळ द्यायचे प्रयत्न जुने आहेत. होंडुरासमध्ये १९३१ मध्ये सापडलेल्या सुमारे इसवी सन ६०० च्या एका माया जबड्यात शिंपल्याचे तीन तुकडे दाताच्या जागी ठोकलेले होते. पुढे १९७० च्या दशकात त्याचे एक्स-रे काढले तेव्हा त्यांच्याभोवती हाड भरून आल्याचं दिसलं, म्हणजे तो माणूस जिवंत असताना ते बसवले होते. १९३० च्या दशकाच्या शेवटी बोस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी व्हायटॅलियमचा स्क्रू जबड्यात बसवून पाहिला. कोबाल्ट-क्रोमची ही मिश्रधातू आम्ही आजही लॅबमध्ये अर्धवट कवळीच्या सांगाड्यासाठी ओततो. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लिओनार्ड लिंकोंनी हाडाच्या अरुंद कडेत ठोकायची पातळ पट्टी काढली. यातलं काही टिकलं, पुष्कळसं टिकलं नाही. धातू आणि हाड यांच्यामध्ये बहुधा मऊ पेशींचा थर तयार व्हायचा आणि चावता चावता सगळं ढिलं पडायचं.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. १९५२ च्या सुमारास लुंडमध्ये ते सशाच्या हाडातल्या मज्जेचा रक्तप्रवाह पाहत होते आणि त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमची चार इम्प्लांट बसवली. लार्सनचा जबडा जन्मतःच सदोष होता आणि दात नव्हते. ते २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, त्या आधारावर जेवत होते. स्वीडनमधल्या दंतवैद्यकानं मात्र ब्रोनेमार्कांना वर्षानुवर्षं उभं केलं नाही. १९८२ मध्ये टोरंटोला जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली, तिथे उत्तर अमेरिकेच्या डॉक्टरांसमोर आकडे मांडले गेले, आणि मगच जगानं हे मान्य केलं. ही इम्प्लांट बनवायला पुढे आलेली कंपनी होती बोफोर्स, आपल्याकडे तोफांमुळे घरोघरी माहीत झालेली तीच. तिच्याच घराण्यातल्या नोबेलफार्माचं पुढे नोबेल बायोकेअर झालं.

ब्रोनेमार्कांचे सुरुवातीचे बहुतेक पेशंट माझ्या आजीसारखे होते: खालचा जबडा रिकामा, कवळी बसत नाही. त्यांच्यासाठी बहुधा पाच-सहा इम्प्लांटवर अख्खा दातांचा पूल स्क्रूनं बसवायचा असे. इथेच जोडाची कथा सुरू होते. इम्प्लांटच्या डोक्यावर ०.७ मिलिमीटर उंचीचा एक षटकोन ठेवला होता. तो इम्प्लांट हाडात फिरवत नेण्यापुरता होता, म्हणजे पान्याला पकड. दात त्यावर पेलायचा, असा विचार त्या वेळी कोणी केलेला नव्हता. पाच-सहा इम्प्लांट एकमेकांना बांधलेली असली की कुठलंही एक फिरू शकत नाही, त्यामुळे तोवर चाललं. १९८० च्या दशकात डॉक्टर एकेकट्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवू लागले, तेव्हा तो ०.७ मिलिमीटरचा षटकोन एकट्यानं सगळा भार घेऊ लागला. दाढेवर बाजूनं जोर आला की जोड सूक्ष्मपणे उघडायचा, स्क्रू ताणला जायचा आणि हळूहळू ढिला व्हायचा. पेशंट यायचा आणि म्हणायचा, कॅप हलते. कॅप घट्टच असायची. हलत असायचा खालचा स्क्रू.

अमेरिकेत डॉ. जेराल्ड निझनिक यांनी १९८६ मध्ये षटकोन बाहेरून काढून इम्प्लांटच्या पोटात नेला. अबटमेंट आत उतरल्यामुळे बाजूचा जोर भिंतींवर गेला आणि स्क्रूवरचा ताण कमी झाला. पुढे इस्रायली कंपन्यांनी हाच आतला षटकोन उचलला, आणि भारतातल्या लहान गावांपर्यंत परवडणारं इम्प्लांट पोचलं ते बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. युरोपात दुसरीच वाट निघाली, शंकूची. स्ट्रॉमन कंपनीचा ८ अंशांचा, ॲस्ट्राचा ११ अंशांचा, आणि अमेरिकेतल्या बायकॉनचा तर १.५ अंशाचा आणि स्क्रूशिवायचा. एक शंकू दुसऱ्यात दाबून बसला की घर्षणानंच जखडतो आणि फट जवळपास उरत नाही. त्या फटीत जंतू राहतात आणि तिच्या भोवतालचं हाड झिजतं, म्हणून तिला इतकं महत्त्व. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हाड झिजलं तर इम्प्लांट यशस्वी, अशी कसोटी १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी घालून दिली होती. कागदाच्या दोन पानांच्या जाडीएवढी ही गोष्ट, पण वर्षं साचत जातात.

या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग सुट्या भागांच्या टंचाईचा आहे. १९९१ च्या सुमारास एका अमेरिकी कंपनीनं ५ आणि ६ मिलिमीटर रुंदीची इम्प्लांट बाजारात आणली, पण त्यांच्या मापाचे अबटमेंट तयार नव्हते. डॉक्टरांनी नाइलाजानं ४.१ मिलिमीटरचेच अबटमेंट वर बसवले. पुढे वर्षानुवर्षांचे एक्स-रे पाहताना लक्षात आलं, की या पेशंटांचं हाड नेहमीपेक्षा कमी झिजलंय. जोडाची फट हाडाच्या कडेपासून आत सरकली होती. लझारा आणि पोर्टर यांनी २००६ मध्ये हे मांडलं, आणि आज अरुंद अबटमेंट हा मुद्दाम ठरवलेला नियम झाला आहे. भाग मिळाला नाही म्हणून जे हाताशी होतं ते लावलं, आणि त्यातून शास्त्र पुढे गेलं. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला याचा आनंद वाटल्याशिवाय राहत नाही.

आता धातूंबद्दल. इम्प्लांटचं टायटॅनियम बहुधा चौथ्या ग्रेडचं शुद्ध असतं, किंवा ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं पाचव्या ग्रेडचं. हवेत येताच त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर चढतो आणि हाड खरं तर त्या थराला धरतं. सुरुवातीची इम्प्लांट लेथवर कातलेली, गुळगुळीत होती. ती खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने हिरडीखाली पुरून ठेवावी लागत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाळूचा मारा करून आणि आम्लात बुडवून पृष्ठभाग खरबरीत करायला लागले, आणि ती वाट पाहणं कित्येक ठिकाणी सहा-आठ आठवड्यांवर आलं. २००९ मध्ये स्ट्रॉमननं टायटॅनियममध्ये झिर्कोनियम मिसळून बारीक, ३.३ मिलिमीटरचं पण मजबूत इम्प्लांट काढलं. अरुंद हाडाच्या म्हाताऱ्यांना त्याचा उपयोग झाला.

टायटॅनियमचं खनिज आपल्याला परकं नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे. केरळात चवऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट आणि झिर्कॉन दोन्ही सापडतात, म्हणजे इम्प्लांटचं टायटॅनियम आणि कॅपचं झिर्कोनिया एकाच किनाऱ्यावर. चवऱ्याला २०११ मध्ये वर्षाला ५०० टन टायटॅनियम स्पंज बनवणारा कारखाना सुरू झाला, तो अवकाश कार्यक्रमाची गरज डोळ्यासमोर ठेवून. माझ्या हातातून गेलेले स्क्रू मात्र बहुतेक स्वीडन, स्वित्झर्लंड, इस्रायल आणि कोरियाहून आलेले.

लॅबमधलं आमचं काम तर ओळखू येणार नाही इतकं बदललं. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून एक अबटमेंट आला, त्याच विद्यापीठाच्या नावानं आम्ही त्याला यूसीएलए म्हणतो. ती प्लास्टिकची नळी असते. तिच्यावर मेणानं दाताचा आकार चढवायचा, साच्याच्या मसाल्यात बसवायचं, भट्टीत मेण-प्लास्टिक जाळायचं आणि फिरत्या मशीनवर वितळलेली धातू त्या पोकळीत फेकायची. मूळ कल्पना सोन्याच्या मिश्रधातूची होती. आमच्याकडे सोनं कोणाला परवडणार? आम्ही निकेल-क्रोम आणि कोबाल्ट-क्रोम ओतलं. थंड होताना धातू आक्रसते, षटकोनाच्या कोपऱ्यांत बारीक फुगवटे राहतात. भिंगाखाली रबरचाकानं ते काढायचे, ॲनालॉगवर बसवून पाहायचं, पुन्हा काढायचं. कारखान्यात कातलेल्या भागाची नेमकी बैठक आम्हाला ओतून कधीच साधली नाही, आणि साधणारही नव्हती.

आज डॉक्टर तोंडात इम्प्लांटवर स्कॅन बॉडी नावाची खूण लावून कॅमेरा फिरवतात. माप न घेताच फाइल येते. कारखान्यात बनलेला टायटॅनियमचा बेस, त्यावर झिर्कोनियाचा दात. झिर्कोनियाची ठोकळी खडूसारखी मऊ असताना मशीनवर कातायची, सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत भाजायची. भाजताना ती पाचव्या हिश्श्याइतकी आक्रसते, म्हणून कॉम्प्युटर आधीच मोठा दात कातून घेतो. जोडाचा भाग कारखान्याचा, दात आमचा, दोघं चिकटवायचे. हा बदल मनापासून चांगला आहे. पण त्याच्या मुळाशी एक अट आहे: खाली कोणतं इम्प्लांट आहे, हे नक्की ठाऊक हवं.

काही वर्षांमागे वर्ध्यातल्या एका डॉक्टरांनी मला क्लिनिकमध्ये बोलावून घेतलं. खुर्चीवर आमच्याच गावाकडचे एक काका होते. खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ, इम्प्लांटवरची. "जेवतानी कटकट वाजते गा भाऊ, अन् आता तं दात हालूनच राह्यला," म्हणाले. इम्प्लांट दूरच्या एका शहरात मुलाकडे असताना बसवलं होतं. तो दवाखाना बंद झालेला, कागद कोणी दिला नव्हता. डॉक्टरांनी कॅपमध्ये भोक पाडून स्क्रूपर्यंत वाट केली. १.२५ मिलिमीटरचा हेक्स ड्रायव्हर आत घातला, पकड नाही. नोबेलचा युनिग्रिप ड्रायव्हरही बसेना, स्ट्रॉमनचा एससीएसही नाही. एक्स-रेवरून आम्ही मानेचा आकार, आट्यांची ठेवण पाहून अंदाज बांधत होतो. शेवटी कॅप हातात आली, तेव्हा स्क्रूचा खालचा अर्धा तुकडा आत मोडून राहिल्याचं दिसलं. तो काढायची किट कंपनीगणिक वेगळी असते. कोणाचे आटे मेट्रिक, कोणाचे इंची.

काकांनी विचारलेला प्रश्न मला आजही अडवतो. "वावरातल्या मोटारीवर प्लेट असते, कंपनी लिवली असते, नंबर असते. याच्यावर काऊन नाई?"

त्यांचं इम्प्लांट हाडात केसभरही हललेलं नव्हतं. ब्रोनेमार्कांनी दिलेलं वचन त्यानं पुरतं पाळलं होतं. तरी ते निरुपयोगी झालं. डॉक्टरांनी त्यावर हिरडी शिवून टाकली आणि काका आता डाव्या बाजूनं चावतात.

जगात इम्प्लांटच्या मजबुतीची परीक्षा ठरलेली आहे. आयएसओ १४८०१ या मानकानुसार ते ३० अंशांत तिरपं धरून लाखो वेळा दाबून पाहतात. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. हे सगळं हवंच. पण सर्वांचा जोड एकसारखा असावा, असा नियम कुठेही नाही, आणि कंपन्या तो होऊ देतील असं मला वाटत नाही. सुटे भाग विकण्यातच त्यांची पुढची कमाई आहे. नवं मॉडेल येतं, जुन्याचे भाग हळूहळू मिळेनासे होतात. माणसाचं हाड मात्र जुनंच मॉडेल धरून बसलेलं असतं.

एक वेगळी काळजी आमच्या भागाची. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडायचं कमी होतं. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये झाली, पण पानठेल्यांवर पन्नीत घोटलेला खर्रा सुरूच राहिला. ज्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत ड्रायव्हर नेता येत नाही. इम्प्लांट जगातलं सर्वोत्तम असलं तरी. तिशीतली पोरं अशी येतात, तेव्हा वाईट वाटतं.

इम्प्लांटच्या प्रत्येक डबीत चिकटपट्टीची लेबलं असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर छापलेला असतो. त्यातलं एक पेशंटच्या कार्डावर चिकटवून द्यायचं असतं. गावाकडच्या सगळ्यांना माझी विनंती आहे: इम्प्लांट बसवलंत तर ते कार्ड मागून घ्या. वर कोणता अबटमेंट लावला, स्क्रू कोणता, किती जोरानं, म्हणजे किती न्यूटन-सेंटिमीटरला आवळला, हेही त्यावर लिहून घ्या. दात बसवून झाल्यावरचा एक्स-रे घ्या. हे सातबारा आणि आधारच्या फाइलीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, मुलाला पाठवा. डॉक्टर बदलतील, लॅब बदलेल. ते कार्ड जवळ असलं की तुमचा दात दुरुस्त करायला मी किंवा माझ्यासारखा कोणीही मेकॅनिक पुरेसा आहे.